बत्तिसाच्या खालची सकाळ

मध्यप्रांताच्या राजधानीत थंडी मोजायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे नागपुरात थंडी मी म्हणेन तेवढीच पडत असे. वेधशाळेच्या आवारात मला राहायला दोन खोल्या होत्या आणि खोल्यांसमोर गवतात चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी. सकाळी आठला पेटीची झडपांची दारं उघडायची, आतल्या तापमापकावर रात्रीची थंडी कुठवर उतरली ते वाचायचं, वहीत आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. नियम एकच होता: ज्याची सही, त्याचेच डोळे.

एका पौषात अशी थंडी पडली की विचारू नका. तेलंगखेडीच्या तलावातल्या मासोळ्या काठावर येऊन धोब्याच्या शेकोटीपाशी बसल्या. कामठीहून येणाऱ्या टांग्याचा घोडा एक पाय उचललेला तसाच गोठला आणि ऊन चढल्यावर, मधे काही झालंच नाही अशा थाटात, तोच पाय टेकवून पुढे निघाला. रामटेकची माकडं पुजाऱ्याच्या घोंगडीत शिरली ती आरतीची वेळ टळली तरी त्याला सोडीनात. यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं निम्मं मला सांगताना दिसलं. पण कुणी भुवया उंचावल्या की मी म्हणत असे, "जा, वही पाहा!" वहीत माझ्या सहीशेजारी आकडा होता तीस. आमच्या मापावर बत्तीसला पाण्याचा बर्फ होतो. नागपूर त्याच्याही खाली दोन घरं! सीताबर्डीवर तीन हिवाळे मी त्या आकड्यावर मान ताठ ठेवून फिरलो.

चौथ्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुण हवामानशास्त्रज्ञ आले. कडाक्याच्या हिवाळ्यांचा अभ्यास करायचा म्हणून गावोगावच्या जुन्या वह्या चाळत फिरत होते. माणूस असा बारीक की मफलर काढून शेजारी ठेवला असता तर दोघांतला माणूस कोणता ते ओळखू आलं नसतं. तिसऱ्या दिवशी माझ्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"जबलपूरला एवढी उतरली नाही, पचमढीच्या डोंगरावरही नाही, आणि इथे तीस!" ते उठून उभेच राहिले. "म्हणजे सातपुड्याच्या एखाद्या खिंडीतून गार वाऱ्याची धार सरळ तुमच्या अंगणात उतरली. हे आजवर कुणी मांडलेलं नाही. माझा प्रबंध आता या एका आकड्यावर उभा राहणार."

त्यांनी नकाशा काढला आणि त्यावर बाण ओढला. बाणाचं टोक माझ्या दारात. त्या क्षणापासून माझा पाय एका जागी ठरेना.

कारण तीस लिहिलं त्या सकाळी पेटी मी उघडलीच नव्हती. मी दोन गोधड्यांखाली होतो. बायकोला म्हटलं होतं, "तूच पाहून ये ना वं, आकडे तं येतात तुले." ती गेली, कुडकुडत परत आली आणि म्हणाली, "तीस." मी गोधडीतून एक हात बाहेर काढला, आकडा लिहिला, सही केली आणि हात पुन्हा आत घेतला.

आता मी ओसरीवरून फाटकाकडे आणि फाटकाकडून ओसरीवर अशा येरझारा घालू लागलो. आठ दिवसांत गवतात अशी वाट पडली की एक बैलगाडीवाला तिला सडक समजून आत शिरला. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन मी पेटीपर्यंत जाऊन येई.

"अजी, पायाले भिंगरी लागली का तुमच्या?" बायको म्हणाली. "बसून जेवा नं."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "त्या दिवशी तू नळीतली सुई कोणत्या टोकाले वाचली होती?"

"गोळ्याकडच्या. काहून?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली. त्या तापमापकाच्या नळीत पारा नसतो, स्पिरिट असतं आणि त्यात एक काळी सुई. थंडी सुईला नळीच्या टोकाच्या काचेच्या गोळ्याकडे ओढत नेते आणि तिथंच सोडून देते. वाचायचं असतं तिचं गोळ्यापासून लांबचं टोक. हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. सुई अकरा घरं लांब. तीस आणि अकरा, एकेचाळीस. म्हणजे शाल पांघरून अंगणात संत्री खायची थंडी!

बोललो तर सीताबर्डीवरची मान गेली आणि बहुधा जागाही गेली. न बोललो तर हा भला माणूस पुण्याच्या पंडितांपुढे नसलेल्या वाऱ्याचा बाण घेऊन उभा राहणार. शेवटच्या दिवशी ते कागदांचा गठ्ठा बांधू लागले तेव्हा मी आत घुसलो.

"साहेब, तो आकडा खोटा आहे. मी वाचलाच नाही तो."

ते खळखळून हसले. "काल तो गोठलेला घोडा सांगितलात, आज हे! तुमच्यासारखा माणूस आमच्या पुण्यात नाही."

मी देवाची शपथ घेतली, पोटाची घेतली, सरकारची घेतली. दर शपथेला ते जास्तच हसू लागले. जन्मात एकदा खरं विकायला काढलं आणि गिऱ्हाईक मिळेना!

शेवटी बायकोला हाक मारली. ती पिठाचे हात पदराला पुसत आली, सरळ पेटीशी गेली आणि तिनं काचेवर बोट ठेवलं. "हे टोक वाचलं होतं मी."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी वाकून सुईशेजारची घरं मोजली, मग आणखी एकदा मोजली. आत जाऊन नकाशावरचा बाण रबरानं खोडला. कागद पार विरेपर्यंत खोडत राहिले. मग वही ओढून म्हणाले, "आहे तसं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. 'वाचणाऱ्याची चूक' एवढंच लिहितो. वाचणारे तुम्ही. करा सही."

"पण वाचलं तं मी!" बायको दारातून म्हणाली. "दात वाजून राहिले होते माहे त्या दिवशी."

"चूप ना वं. चुकीवर सही आहे, बक्षिसावर नाही."

"चूक असली म्हून काय झालं? माही आहे ते."

मी सही केली. माझ्या साऱ्या थापांत सरकारी शाईत उतरलेली ही दुसरी, आणि ही तर साहेबांनीच सांगून लिहवून घेतलेली. मान वर केली तर साहेब पुन्हा पेटीपाशी जाऊन बायकोला सुईचं लांबचं टोक दाखवत होते, आणि ती त्यांना विचारत होती की मग गोळ्याकडचं टोक ठेवलंच काहून. मी उघडी वही हातात धरून, शाई वाळायची वाट पाहत, या पायावरून त्या पायावर होत राहिलो.