डांबराचे आकडे

मदत घेऊन जाणाऱ्यांच्या गाडीवर गोळीबार झाल्याची बातमी वाचून तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, औषध घेऊन येणाऱ्याला कोणी का मारेल?" तुमच्या आईने विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून लिहिते आहे. आमच्या वेळी गोळ्या नव्हत्या, दगड होते. पण दगड लागला तेव्हा मी तिथे होते, आणि त्यानंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं.

सत्तरनंतरची दोन-तीन वर्षं आम्ही खोपोलीला राहत होतो. तुमचे आजोबा कारखान्यात, मुलं शाळेत, आणि मी बी.ए. होऊन घरात. मुंबईच्या एका संस्थेला डोंगरातल्या वाड्यांवर लस आणि दूधभुकटी पोचवायची होती. इंग्रजीत नोंदी ठेवणारं कोणी हवं होतं म्हणून मी जाऊ लागले. दर गुरुवारी जीप निघायची. ड्रायव्हर लोधिवलीचा, वयाने माझ्याएवढाच. बरोबर सिस्टर, मिरजेत शिकलेली, कमी बोलणारी.

ज्या वाडीबद्दल सांगते आहे तिथे गाडी जात नसे. ओढ्यापाशी उतरायचं आणि तासभर चढायचं. वाडीतलाच एक माणूस ओढ्यावर येऊन थांबायचा, सामान डोक्यावर घ्यायचा आणि पुढे चालायचा; तोच आमचा वाटाड्या. त्या वर्षी घटसर्पाने वाडीतली दोन मुलं गेली होती. लशीचे तीन डोस महिन्या-महिन्याने द्यायचे होते, एकही चुकवून चालणार नव्हतं.

पहिल्या डोसाच्या दिवशी मी माझी पद्धत लावली. ज्या घरातली मुलं टोचून झाली त्याच्या दाराच्या खांबावर चुन्याने गोल काढायचा आणि आत आकडा घालायचा. वहीत तोच आकडा. कोणी काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी भुकटी घेऊन गेलो तर एकही गोल शिल्लक नव्हता. सगळ्या खांबांवरून शेणाचा हात फिरवलेला. मी विचारलं तर बायका एकमेकींकडे बघून घरात गेल्या. वाटाड्या जमिनीकडे बघत उभा होता.

परतताना ड्रायव्हर म्हणाला, "बाई, ह्यो वाटाड्या तुमच्याम्होरं हसतो. तुमी पाठ फिरवली का सगळ्यांच्या कानाला लागतो. मी बघतो ना."

"तुम्ही तर ओढ्यावर गाडीत झोपता."

"झोपतो कुटं? डोळं मिटतो."

मी हसले, पण ते वाक्य मनात राहिलं. मग प्रत्येक गोष्टीला तोच रंग चढला. तो आमच्या पुढे का चालतो? वाडी दिसायच्या आधी हाळी का देतो? त्याच्या बोलीतलं मला काहीच कळत नसे. हसला की वाटे, माझ्यावरच हसतो आहे.

त्याच दिवशी मी एक मूर्खपणा केला होता. पुसता येऊ नये म्हणून, जीपचा गळका टप लिंपायला ठेवलेला डांबराचा डबा गाडीतून मागवून सगळे आकडे पुन्हा घातले होते, पहिल्यापेक्षा मोठे.

तिसऱ्या गुरुवारी ओढ्यावर तो म्हणाला, "आज नको चढू, बाई."

"का?"

"नको म्हनतो ना."

मी त्याला चला म्हटलं. तो आला, पण त्या दिवशी सगळ्यात मागे राहिला. पुढे मी, मध्ये सिस्टर. वाडीखालच्या वळणावर वरून पहिला दगड आला आणि करवंदीच्या जाळीत पडला. दुसऱ्याला सिस्टर ओरडली. मी मागे वळले. ती खाली पडली होती, चेहरा रक्ताने भरला होता, आणि वाटाड्या वाकलेला होता, हात जमिनीला लागलेले.

डॉक्टरांनी सिस्टरच्या कपाळाला पाच टाके घातले. संध्याकाळी फौजदारांनी विचारलं, "कोणी मारला? कोणाला पाहिलंत?"

मी म्हटलं, "वाटाड्याने. दगड घ्यायला वाकला होता. सकाळी त्याने धमकीही दिली होती."

जबाब मी स्वतः लिहिला, स्वच्छ अक्षरात. दुसऱ्या दिवशी पोलीस त्याला वाडीतून घेऊन आले.

त्यानंतर तीन दिवसांनी सिस्टरकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती. मी मोठ्या समाधानाने सांगितलं की माणूस सापडला. तिने कपाळाच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बाई, तो माझ्या मागे होता. मागच्या माणसाचा दगड कपाळाला कसा लागेल?"

"पण तो वाकला होता," मी म्हटलं.

"डोक्यावरचा भुकटीचा डबा खाली ठेवत होता तो. मला उचलायला."

बाहेर ड्रायव्हर गाडी पुसत होता. मी त्याला विचारलं, वाडीवाले चिडले कशाने असतील? तो म्हणाला, "डांबरानं. जंगलाचा ठेकेदार डांबर लावतो ते झाड तुटतं. मागं खालच्या वाडीला मोजनीवाले आले, खांबांवर असंच आकडे घातले. पावसाआदी घरं उटली. ह्ये तर शेंबडं पोर बी सांगंल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाय. तुमी वाटाड्याचं इचारत व्हता."

मी तशीच चौकीवर गेले. फौजदारांनी जबाब दोनदा वाचला.

"शिकलेल्या बाईंनी जबाब फिरवायचा? वाडीवाल्यांनी घाबरवलं का तुम्हाला?"

"नाही. मी दगड पाहिलाच नव्हता. वाकलेला माणूस पाहिला."

"मग मारला कोणी?"

"ठाऊक नाही."

त्यांना माझाच संशय आला होता. त्यांची चूक नव्हती. अखेर त्यांनी नवा कागद पुढे केला.

वाटाड्या सुटून बाहेर आला तेव्हा मी जीपजवळ उभी होते. चार दिवसांत खंगला होता. मी म्हटलं, "बसा गाडीत, आम्ही ओढ्यापर्यंत सोडतो."

"गाडीतून आलो, तेवढं पुरं," तो म्हणाला, आणि चालत निघाला.

माफी मागायची राहिली. खरं सांगायचं तर मी त्याच्या मागे गेले नाही.

दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी वाडीचा निरोप आला: सिस्टरने यावं, लिहिणाऱ्या बाईने येऊ नये. सिस्टर पट्टी बांधूनच निघाली. ओढ्यावर तो उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने बर्फाची पेटी डोक्यावर घेतली. चार तास मी जीपमध्ये बसून होते. पानं वाजली तरी दचकत होते. ही दोघं वर सुखरूप असतील का, की त्याला आत टाकल्याचा सूड तिच्यावर निघेल? हा विचारही मी त्याच्याबद्दलच करत होते, इतकं झाल्यावर.

सिस्टर उतरली तेव्हा कुप्या रिकाम्या होत्या. "सगळी मुलं आली," ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, "दगड कोणी मारला ते कळलं?"

"त्याला माहीत आहे," ती म्हणाली. "मी विचारलं नाही. अजून एक डोस राहिलाय."