डिस्कचा कासरा

आमच्या उस्मानपुऱ्यात व्हिडिओ गेमच्या जुन्या डिस्क विकणारे एक काका आहेत. यंदाच्या दुष्काळात दिवसभर टँकरची धूळ उडते, तरी त्यांची एकेक डिस्क लख्ख. मूळचे कन्नड तालुक्यातले. तिथल्या बाजारात बैल विकला की त्याचा दोर, म्हणजे कासरा, घेणाऱ्याच्या हाती देतात, तशी काका डिस्क दोन्ही हातांनी देतात. "आता तुमची. खेळा, नायतर विका." मला हसू यायचं.

परवा मी एक डिस्क घेत असताना एकजण गेम डाउनलोड करायच्या कोडची कार्डं खपवायला आला. "डिस्कची कटकटच नाही, काका."

"घेणाऱ्याला गेम पुढं विकता येईल?"

"नाही."

"मंग बैल विकता अन् कासरा तुमच्याच हातात ठेवता व्हय? आपल्याकडं नाय चालायचं."

तो गेला. काकांनी माझी डिस्क पुढं केली. मीही दोन्ही हातांनी घेतली.