कानाची नोकरी

आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी हे शिडीवरून पडले, खुबा मोडला. दोन्ही एकदम झालं. आधी कशाला रडायचं ते ठरेना, म्हणून मी रडलेच नाही. मुली दिलेल्या घरी होत्या. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका खोलीत हे अंथरुणावर, आणि मी लोकांचे पापड लाटत बसलेली. पापडांवर भाडं निघायचं, औषध निघायचं नाही.

तेव्हा बडोद्याच्या बाहेर नवीन नवीन कंपन्या येत होत्या. जुनं बंद पडत होतं आणि नवीन उघडत होतं, आपण मधे कुठंतरी. सावली गावाच्या रस्त्याला एका कंपनीत बायका पाहिजेत, असं शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, मी तिसरी शिकलेली, मला कोण घेतंय.

"शिक्षण नाही बघत," ती म्हणाली. "कान बघतात."

आणि खरंच कान बघितले. एका डॉक्टरनं बॅटरी मारून आत डोकावलं, मळ काढला आणि पास केलं. जन्मात दुसरी कुठली परीक्षा मी पास झालेली नाही.

कंपनी ताप बघायचं यंत्र करत होती. कानात घालायचं, बटण दाबायचं, टुक् वाजलं की आकडा येतो. कानाच्या आतला पडदा किती गरम आहे ते त्याला लांबूनच दिसतं म्हणे. यंत्राच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची टोपी चढवायची, एकाच्या कानातलं दुसऱ्याच्या कानात जाऊ नये म्हणून. आम्ही तिला टोपडं म्हणायचो. एक टोपडं एकदा कानात गेलं की फेकायचं. आम्हाला ते बघवायचं नाही. आमच्यातली एक वापरलेली टोपडी पदराला बांधून घरी न्यायची. भाजी चिरताना बोट कापलं तर वर चढवायला बरी, म्हणायची.

काम म्हणजे बसायचं. जिभेखाली जुनी काचेची नळी धरायची आणि त्याच वेळी कानात यंत्र. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. तोंडात नळी म्हणून बोलायचं नाही, पंखा थंड करतो म्हणून पंखा नाही. अशा आम्ही सात-आठ बायका ओळीनं गप्प बसलेल्या. घरी ह्यांनी विचारलं, आज काय केलंस. म्हटलं, काही नाही केलं. ते म्हणाले, मग उद्या परत बोलावलंय का?

आम्ही सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. तरण्या पोरींचे कान परक्या माणसानं हातात धरायचे, हे कुठल्याच घरात चाललं नसतं. यंत्र लावणारा साहेब गुजराती, तिशीचासुद्धा नव्हता. यंत्रही त्यानंच घडवलेलं. बडोद्यात वाढलेला, म्हणून आमच्याशी मोडकं मराठी बोलायचा आणि सगळ्यांना मावशीऐवजी माशी म्हणायचा. फार गुणी मुलगा. कानात यंत्र घालायच्या आधी हात जोडायचा, झालं की वाकून पाया पडायचा. एका दिवसात मला जितके नमस्कार मिळायचे तितके सासरी सगळ्या जन्मात मिळाले नव्हते.

पण आमचे आकडे येईनात. नळी म्हणायची बाई ठीक आहे, यंत्र म्हणायचं गार पडलीय. शेजारच्या खोलीत पुरुष बसायचे, त्यांचे आकडे बरोबर. आमचेच थंड. मग टोपड्यावर खापर फुटलं. पातळ आहे म्हणून जाड केलं. जाडातून दिसत नाही म्हणून परत पातळ केलं. मग लांब, मग आखूड, मग टोकाला ताणलेलं. दर आठवड्याला नवीन टोपडं यायचं आणि आम्ही थंडच. एकदा तर यंत्रानं मला इतकी गार ठरवली की साहेबानं घाबरून माझी नाडी बघितली.

शेवटी मोठे साहेब आले. आकडे बघितले आणि म्हणाले, ह्या म्हाताऱ्या बायकांचे कानच थंड आहेत, बायका बदला. शनिवारपर्यंत ठेवा, सोमवारी दुसऱ्या आणा.

हे आमच्या साहेबानं आम्हाला खाली मान घालून सांगितलं. माझ्या डोळ्यासमोर ह्यांच्या उशाशी ठेवलेली औषधाची बाटली आली. ती ह्या पगारावर भरायची.

मी म्हटलं, साहेब, काचेतून मला पलीकडची खोली दिसते. पुरुषांचा कान तुम्ही वर आणि मागं खेचता, मग यंत्र घालता. आमचा खेचत नाही. असं का?

त्याला माहीत होतं सगळं. कानाची वाट आत वाकडी असते, कान खेचला की सरळ होते आणि मग यंत्राला पडदा दिसतो. नाहीतर ते नुसती भिंत बघतं. कागदावर लिहिलेलंच होतं तसं.

"माशी," तो म्हणाला, "तमे मारी बा जेवढां. आईचा कान कसा खेचू?"

म्हणजे एवढी टोपडी बदलली, ती ह्याचा हात उठत नव्हता म्हणून. मी म्हटलं, खेच, माझी परवानगी आहे. त्यानं कान असा धरला, जशी गरम पोळी तव्यावरून उचलतात, आणि सोडून दिला. मग मी म्हटलं, मीच धरते माझा. धरला. तेवढ्यात मोठे साहेब दारावरून गेले. मी कान धरून उभी, समोर हा हात जोडून. त्यांना वाटलं मी काहीतरी चोरलंय आणि माफी मागतेय. त्यांनी आत येऊन मला माफ केलं आणि गेले. आणि माझ्या हातानं काही उपयोग नव्हताच, कोपर यंत्राच्या आड यायचं.

त्या संध्याकाळी घरी येऊन ट्रंक उघडली. कुणाच्या तरी लग्नात ह्यांना मिळालेलं उपरणं घडीत होतं, ते काढलं. ह्यांनी विचारलं, कुणाला?

"साहेबाला. माझा कान पिळायचाय त्यानं."

"मग मला सांगायचं," हे म्हणाले. "मी फुकट पिळला असता."

शनिवारी मी उपरणं, नारळ आणि कुंकू घेऊन गेले. साहेबाला खुर्चीत बसवलं. म्हटलं, तुमच्यात लग्नात सासू जावयाचं नाक धरते ना? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, आमच्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. नवरदेव वयानं केवढाही असो. त्याबद्दल भावाला मान द्यायचा असतो. पिळला नाही तर लग्नात कमी राहतं, आणि पिळला तर कुणाचा अपमान होत नाही.

तो विचारात पडला. इंजिनियर माणूस, त्याला सगळं जागच्या जागी लागतं.

"नवरदेव कोण?"

"मी."

"अने नवरी?"

मी इकडं तिकडं बघितलं. म्हटलं, हे यंत्र. तू घडवलंस, म्हणजे तुझ्याच घरची. तुझी बहीण माझ्याकडं नांदायला आलीय आणि मी तिला नुसतं थंड थंड म्हणायला लावतेय. आता काय ते बघ.

एकीनं टोपड्याला कुंकू लावलं. ते खराब झालं म्हणून दुसरं चढवलं. मी त्याला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, गळ्यात उपरणं घातलं. त्यानं डोळे मिटले आणि माझा कान असा पिळला की माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांचं सगळंच त्या हातात उतरलं असावं. टुक् वाजलं. नळी आणि यंत्र, दोन्हीकडं एकच आकडा.

मग बाकीच्या रांगेला लागल्या. त्यांना मानाचं काही आणता आलं नव्हतं, म्हणून कुणी डब्यातला लाडू दिला, कुणी हातरुमाल. तो पिळत गेला, आकडे येत गेले. मधेच मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले. इंजिनियरच्या गळ्यात उपरणं, काखेत नारळ, आणि सगळ्या बायकांचा एकेक कान लाल.

"हे काय चाललंय?"

"लग्न," लाडूवाली म्हणाली.

साहेबांनी पुढं येऊन आकडे बघितले. पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग म्हणाले, छान, यंत्र बरोबर आहे, टोपी बरोबर आहे, बायका पण बरोबर आहेत. चाचणी संपली.

मला वाटलं नोकरी वाचली. मग कळलं की चाचणी संपली म्हणजे कानांचं काम संपलं. थंड होतो तेव्हा काढणार होते, आणि आता बरोबर निघालो म्हणूनही काढणार.

मी जागची उठले नाही. म्हटलं, साहेब, नवरी घरात घेतली आणि नवरदेवाला घालवताय?

मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी आमच्या साहेबाकडं बघितलं. तो उपरणं सावरत म्हणाला की पॅकिंगला हात लागतीलच, टोपडी मोजून डब्यात भरायला माणसं नाहीत. मग मोठे साहेब म्हणाले, बरं, ज्यांना यायचंय त्या पॅकिंगला. दोघी घरी गेल्या, आम्ही बाकीच्या राहिलो.

पुढं डब्यात घालायचा कागद छापून आला. वापर कसा करायचा ते चित्रानं दाखवलेलं होतं. एक कान, तो वर आणि मागं खेचणारी दोन बोटं. चित्र काढणारा आमच्याकडंच येऊन बसला होता, कान माझाच. बरीच वर्षं मी माझा कान चार घड्या घालून डब्यात भरत होते. कुठल्या कुठल्या देशात गेला. मी बडोद्याजवळच्या हरणीच्या पुढं फारशी गेलेली नाही.

ते यंत्र आमच्या घरी कधी आलं नाही. बाजारात त्याची किंमत आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती. पण औषधाची बाटली वेळेवर भरली जायची. ह्यांना ताप आला की मी कपाळाला हात लावायचे. हे विचारायचे, किती आहे?

मी म्हणायचे, आहे.