गयाबाईंचे रिकामे हात

गयाबाईंना स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षाच वाटायची. वडील महूच्या पलटणीतले, त्यामुळे घरात सगळी कवायत. पुढे इंदूरच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागल्या, तिथेही तोच खाक्या. पेशंटला उठवायचं, पुसायचं, पुन्हा निजवायचं; त्याला विचारतंय कोण! मध्य प्रदेश नवा होता, बाईंच्या वस्तीने घेतलेला बुद्धाचा धर्मही नवाच होता. दवाखाना सोडून घरोघरी आजाऱ्यांचं करायला जाऊ लागल्यावर बाईंची एकच अट असे: चहा घरच्या कपात मिळाला तरच घेईन. बऱ्याच घरांनी या अटीपायी दार लावून घेतलं. रामबागेतल्या अरुंधतीने मात्र पहिल्याच दिवशी कप पुढे केला आणि म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा."

अरुंधतीचे पाय लहानपणीच्या तापात गेले होते. दोन खोल्यांत राहून ती हातमशीनवर ब्लाउज शिवायची, आणि गिऱ्हाइकं तिच्या शिवणावर खूश होती. आई होती तोवर निभलं. आई गेल्यावर देपालपूरला नोकरीला असलेला थोरला भाऊ, दिवाकर, म्हणू लागला की आता माझ्याकडे चल. माणूस वाईट नव्हता, वहिनीही प्रेमळ. पण तिथे जायचं म्हणजे मशीन बंद, आणि जन्मभर कोपऱ्यातली खाट. अरुंधती नाही म्हणाली. "भाऊबीजेला येतो," दिवाकर म्हणाला, "जमत नसेल तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

गयाबाईंनी आल्या आल्या तिला उचलून थेट न्हाणीत नेलं, तर ही भडकली.

"सियागंजच्या बाजारातलं पोतं आहे का मी? आधी विचारा, मग उचला!"

"वा ताई! मदतीला बोलवायचं और ऊपर से डांट!" बाई फणकारल्या. पण दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून का होईना, विचारलं. तेव्हा कळलं की हिला फार काही लागतच नाही. न्हाणीपर्यंत आधार, पाणी भरणं, जड उचलणं. बाकी सगळं ती करत होती. तिच्या सांगण्यावरून बाईंनी फळ्या खाली आणल्या, शेगडी जमिनीवर ठेवली. शिवणाची घाई असली की अरुंधती दुपारी बोलवायची, मग बाई दुपारी यायच्या. कठीण होतं ते वेगळंच. ती हळूहळू वेणी घालायची, आणि बाईंनी हात मांडीवर ठेवून नुसतं बघायचं. हात असे शिवशिवायचे की काय सांगावं!

भाऊबीजेला अरुंधतीने सगळा स्वयंपाक बसूनच केला. दिवाकर आला तेव्हा गयाबाई मागच्या अंगणात जाऊन बसल्या. आपल्याला पाहून हा ताटावरून उठला तर पोरीचं सगळंच मुसळ केरात, असा त्यांचा हिशेब. चुकीचा, पण मायेचा.

दिवाकर पाटावर बसला, अरुंधतीने समोर बसून ओवाळलं. मग वाढायची वेळ आली. बासुंदीचं पितळी पातेलं शेगडीवरून उतरवायचं होतं. तिने पदराने धरून पाहिलं, पातेलं कलंडायला आलं.

"राहू दे," दिवाकर उठायला लागला. "पाहिलं मी. नाही जमत तुला."

"गयाबाई!" अरुंधतीने हाक मारली. अंगणातून कुणी हललं नाही. "गयाबाई, अहो आत या, मला पातेलं उतरवून हवंय!"

आता काय करणार? बाई आत आल्या, पातेलं उतरवून तिच्या हाताशी ठेवलं आणि बाजूला बसल्या. पळी उचलावीशी फार वाटली. उचलली नाही.

"ह्या कोण?" दिवाकरने विचारलं.

"गयाबाई. महूच्या," बाईच बोलल्या. "बौद्ध आहोत आम्ही." लपवायचंच नाही म्हटल्यावर सगळंच सांगून टाकलं.

दिवाकर ताटावरून उठला नाही.

"म्हणजे हे सगळं दुसऱ्याच्या आधारानेच ना?" तो म्हणाला.

"दादा, तुझी पोळी वहिनी करते, कपडे धोबी धुतो, दाढी न्हावी करतो," अरुंधती म्हणाली. "तुला कुणी म्हणतं का, की ह्याला एकट्याला जमत नाही? तुझं तू ठरवतोस कुणाला कधी बोलवायचं. मीही तेच करते."

दिवाकरला हसू आलं, ते त्याने दाबलं. वाटी पुढे सरकवली. "वाढ."

जेवण होतंय तोच बाहेरून टांगेवाल्याने आवाज दिला. "बाबूजी, बहनजी का सामान रखवा लूँ?"

गयाबाईंनी अरुंधतीकडे बघितलं. तिचा हात पळीवर तसाच थांबला होता. दिवाकरने सावकाश हात धुतले आणि दाराशी गेला.

"रहने दो, भिया," तो म्हणाला. "सवारी एकच आहे."