दोर सोडताना

आमच्या येळ्ळूरात विहिरीत पोहायला शिकवायची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन, कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावर अण्णांच्या हातात. हळूहळू कॅन लहान व्हायचा, मग निघायचा. शेवटी एके दिवशी अण्णा दोर गुपचूप सोडून द्यायचे. पोराला सांगायचे नाहीत. सांगितलं की पोर घाबरतं आणि गटांगळ्या खातं, असं त्यांचं म्हणणं. पोरगं पलीकडे पोचलं की काठावरची सगळी ओरडायची, आणि त्या दिवशी त्याच्या घरी शिरा व्हायचा.

अण्णा माझ्या नवऱ्याचे मित्र, पण सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणतं. बेळगावात फौंड्रीत कामाला. मे महिन्यात ड्युटीला जाण्याआधी तरुण मंडळाच्या वतीने ते फुकट शिकवायचे. विमाबिमा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

गेल्या वर्षी मंडळात शिकलेली नवी पोरं आली. कुठल्याशा गावात शिबिरात एका मुलाचा हात मोडला आणि ते निस्तरताना तिथल्या मंडळाच्या नाकी नऊ आले, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी शहरातून विमा एजंटाला बोलावलं. त्याने विहीर बघितली. कठडा नाही, शिडी नाही, पाण्यात उतरलेला जाणता माणूस नाही, आईबापांची लेखी संमती नाही. हे सगळं झाल्याशिवाय विमा होणार नाही, आणि तोवर शिकवू नका, असं तो सांगून गेला. मंडळाने लगेच व्हॉट्सॲपवर शिकवणी बंद झाल्याचं कळवलं. यात चुकीचं काय होतं? मी पुष्कळ शोधलं. कुणावर तरी राग काढता आला असता तर जरा बरं वाटलं असतं.

माझ्या लेकाचा कॅन तेव्हा नुकताच निघाला होता. जेवताना तो म्हणाला, "आई, अण्णांनी माझा दोर सोडलाय बघ. ओढच लागत न्हाय." मग शिरा करू का, म्हणून मी त्याला चिडवलं. अण्णा सांगू देत, मग कर, म्हणाला. पण शिकवणीच बंद झाली, त्यामुळे अण्णा भेटले नाहीत. त्याच आठवड्यात तो दोन मित्रांबरोबर गावाबाहेरच्या जुन्या खाणीवर गेला. तिथे पावसाचं पाणी साचून राहतं. मित्र काठाला धरून राहिले आणि हा पोहता येतं म्हणून आत गेला, तो वर आलाच नाही.

सगळं उरकल्यावर अण्णा आले. आत येईनात, उंबऱ्याशीच बसले.

"वैनी, म्या त्याचा दोर सोडलाच नव्हता," ते म्हणाले. "नुसता सैल धरलावता."

मी उठून आत गेले. त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर लोक यायचे आणि विचारायचे, मंडळाकडून विम्याचं काही मिळालं का. कुणाच्या दारात बसून काय विचारावं याचं भान माणसाला राहत नाही. मी एकदोघींना सरळ उठवून लावलं.

मंडळाच्या पोरांनी मात्र वर्षभर खपून सगळं केलं. कठडा बांधला, शिडी लावली, लाइफ जॅकेट आणली, मुलांचा अपघात विमा उतरवला. या मे महिन्यात घरोघर संमतीपत्रं वाटली. माझ्या दारात कुणी आलं नाही, म्हणून मीच गेले मागायला. मला मुलगी आहे, लेकाच्या पाठची. खाण अजून तिथेच आहे आणि तिला कायम घरात कोंडून ठेवता येणार नाही. नवऱ्याने माझ्याशी बोलणं टाकलं. कागदावर छापलं होतं, मला धोका समजला आहे. मी सही केली.

विहिरीवर गेले तेव्हा मंडळाचा एक पोरगा पाण्यात उतरलेला होता आणि अण्णा लांब बांधावर बसले होते. वर्षभर त्यांनी दोराला हात लावला नव्हता. मी दोर घेऊन त्यांच्याकडे गेले. ते मान हलवत राहिले.

"अण्णा, तुम्हीच धरा," मी म्हटलं. "पण सोडताना तिला सांगा."

त्या दिवसापासून अण्णा काठावरून सारखे ओरडायचे, धरलाय गं, धरलाय. बाकीच्या पोरींना हसू यायचं. कॅन निघाला, तरी त्यांचं ओरडणं काही थांबलं नाही. काल सकाळी मात्र ते म्हणाले, "पोरी, आता सोडतो बघ."

ती मध्यावर होती. तिने मागे वळून बघितलं.

"नको अण्णा, अजून नको."

अण्णांनी दोर घट्ट धरला आणि तिला काठाशी आणलं. कठड्याला धरून मी खाली बसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. दोर सोडू का, असं माझ्या लेकाला कुणी विचारलं असतं, तर त्यानेही नकोच म्हटलं असतं.