लाडूच्या मणक्याचा एक्स-रे

दर रविवारी सकाळी दहाला हिराआत्या कोपरखैरण्यातल्या एका कुत्र्यांच्या दुकानासमोर प्लास्टिकचं स्टूल मांडून बसायची. बोनकोड्यातली ही माझी घरमालकीण. मांडीवर एक्स-रेचं पाकीट. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ती फिल्म उन्हात धरून दाखवायची. "बग. हा मनका जन्माचाच अर्धा हाय."

एक्स-रे तिच्या लाडूचा. पग जातीचं हे पिल्लू याच दुकानातून मी तिला निवडून दिलं होतं. "डबल वळणाची शेपटी, साहेब. एक नंबर," असं मालक म्हणाला आणि मी भाळलो. पाचव्या महिन्यात लाडूचे मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. मग तो ते फरफटत नेऊ लागला, बसल्या जागी ओलं करू लागला. डॉक्टरांनी फिल्म दाखवली. ज्या वाकड्या मणक्यांनी शेपटी वळते, तसलेच मणके पाठीत होते आणि आतला मज्जारज्जू दाबत होते. आईबापांकडून आलेलं व्यंग.

मालकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "कुठंतरी पडला असेल. दुसरा घेऊन जा ना आत्या, त्याच मादीची नवी पिल्लं आलीत."

आत्या लाडूला उचलून निघाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "त्या मादीचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशन होईपरत मी नाय सोडनार त्याला. नी पिल्लू तू निवडलास, तवा स्टूल तू उचलशील."

मी उचलत राहिलो. मालकाने आधी पोलिसांची धमकी दिली, मग मिठाई पाठवली. आत्याने मिठाई खाल्ली आणि तिथंच बसली. "देव त्याला बगंल तवा बगंल. तवर मी बगते." गिऱ्हाईक माघारी फिरलं की तिचा चेहरा खुलायचा. मालकाला हात चोळताना बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शेवटी एका रविवारी तो त्या मादीलाच घेऊन बाहेर आला. पोटावर टाके होते. "घे आत्या. झालं ऑपरेशन. आता तरी जा."

आत्याने तिला मांडीवर घेतलं. मी स्टूल उचलायला वाकलो.

"थांब," ती म्हणाली. "आत अजून दोन माद्या हाईत."

लाडू श्रावणात गेला, आत्या दिवाळीनंतर. ती मादी आता माझ्याकडे असते. स्टूल उचल म्हणणारं कोणी उरलेलं नाही. तरी रविवारी दहाला मी ते उचलतो आणि पाकीट काखेत मारून निघतो. ती शेपटी मीच निवडली होती.