बँडमधून काढायची इन्क्वायरी

मला बँडमधून काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आधी कारणे दाखवा नोटीस दिली. हसू नका. आम्ही चौघं. त्यातले तिघं चाकणच्या कंपन्यांत कामाला आणि चौथा चऱ्होलीचा जमीनवाला. माणसाला काढायचा एकच रस्ता आम्हाला ठाऊक होता, तो कंपनीतला. रॉक बँडमधून माणूस कसा काढतात हे कुणाच्या बापाला माहीत?

नोटीस गिटारवाल्यानं लिहिली. तो क्वालिटी डिपार्टमेंटचा, त्यामुळे भाषा अगदी साहेबी. "आपला ताल वारंवार सुटत असून त्याचा कार्यक्रमाच्या दर्जावर परिणाम होत आहे, तरी खुलासा करावा." ग्रुपवर टाकली. तिघांनी बघितली. मी ड्रम वाजवतो. ताल सुटतो म्हणजे माझं सगळंच सुटतं. वाचून राग यायला हवा होता. पण मी डबा भरला, बूट घातले आणि सेकंड शिफ्टला गेलो.

मी प्रेस शॉपमध्ये आहे. पत्र्यावर दिवसभर डाय, म्हणजे पोलादी साचा, आपटत असते. कानात शिट्टी वाजते, पण ती तिथं सगळ्यांच्याच कानात वाजते, त्याचं काय कौतुक. शिवाय मी युनियनच्या कमिटीत होतो. कुणावर इन्क्वायरी लागली की त्याच्या बाजूनं बोलायला मी बसायचो. चार्जशीटमध्ये चूक काढायची, तक्रार करणाराच न्याय देणारा कसा म्हणून विचारायचं, साहेबाला घाम फोडायचा. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आणि हे दीडशहाणे माझीच इन्क्वायरी करायला निघाले होते.

एका गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, चऱ्होलीच्या गोठ्यात इन्क्वायरी झाली. गोठा बेस गिटार वाजवणाऱ्या जमीनवाल्याचा. शेत बिल्डरला गेलं, म्हशी गेल्या, हा एवढा पत्र्याचा गोठा दोन टॉवरच्या मध्ये उरला. तिथंच आमची प्रॅक्टिस चालायची. त्या दिवशी वाद्यांवरची कापडं कुणी काढली नाहीत. गिटारवाला खुर्चीत बसला आणि त्यानं मला विचारलं, तुझा प्रतिनिधी कोण? मी म्हणालो, मीच.

मग मी त्यांना सोलून काढलं. बँडचे नियम कुठं लिहिलेत? ताल कोणत्या गाण्यात सुटला, कोणत्या कार्यक्रमात? साक्षीदार कोण? नोटीस देणाराच चौकशी करायला कसा बसला? गिटारवाला लालबुंद झाला. आमचा गायक भिंतीला टेकून खाली बघत होता. तो आणि मी पूर्वी भोसरीत एका खोलीत राहिलेलो, दोघंही कंत्राटी असताना. बँड आम्ही दोघांनीच सुरू केला. त्यानं माझ्या बाजूनं बोलावं असं मला वाटत होतं. तो तसाच खाली बघत राहिला.

शेवटी बेसवाला उठला. त्याला हे कागदी नाटक पहिल्यापासून पटलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "भावा, नोटीस राहू दे बाजूला. आमी वाजवतो ते तुला ऐकू येतं का न्हाई?"

मी म्हणालो, "हा प्रश्न चार्जशीटमध्ये नाही."

नियमाप्रमाणं बरोबरच होतं ते. गिटारवाल्यालाही मान हलवावी लागली. इन्क्वायरी तिथंच बारगळली, मी जिंकलो. घरी आलो तर बायकोनं काय झालं म्हणून विचारलं. तिनं दोनदा विचारलं म्हणे. मी टीव्ही बघत होतो.

तरी मी तिथं थांबलो नाही. खोड, दुसरं काय! युनियनच्या केसेस बघणाऱ्या वकीलबाई पिंपरीत बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, इन्क्वायरीबिन्क्वायरीचा इथं काहीएक संबंध नाही. तुमच्यात ना कुणी मालक, ना कुणी कामगार. चौघं मिळून कार्यक्रम घेता, मिळकत वाटून घेता, तर कागद नसला तरी ही भागीदारी धरता येईल. आणि भागीदारीत तिघांनी मिळून चौथ्याला हाकलायचं, तर तसा अधिकार करारात आधी लिहिलेला लागतो. तुमचा करारच नाही. म्हणजे तुम्हाला काढता येणार नाही. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी थांबवलं. अशी भागीदारी कुणालाही कधीही नोटीस देऊन मोडता येते, हेही लक्षात ठेवा म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, तुम्हाला बँडमध्ये राहायचंय, की फक्त त्यांना काढू द्यायचं नाही? मला हे दोन प्रश्न एकच वाटले.

पुढच्या गुरुवारी गोठ्यात जाऊन मी ऐकवलं. कायद्यानं तुम्ही मला काढू शकत नाही. गायक पहिल्यांदा बोलला. अगदी जवळ येऊन, माझ्या उजव्या कानाशी.

"तुला कुणी काढत नाही. बँड तुझा, नाव तुझं, ड्रमसेट तुझा. आम्ही तिघं निघतो."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी त्याची गचांडी धरीन. मी नुसता बरं म्हणालो. बेसवाल्यानं टेम्पो आणला, ड्रम चढवायला मदत केली, दोरी स्वतः बांधली. रडत होता बिचारा. मी त्याला म्हणालो, जरा सैल बांध, कातडी दबेल.

आता ड्रम बेडरूममध्ये पलंगाला लागून आहेत. बायको त्यावर वाळलेले कपडे टाकते. मी कामावर जातो, येतो, जेवतो. कंपनीत कुणी विचारलं तर सांगतो, बँड आहे की, बंद नाही झाला. खोटं नाही ते. कायद्यानं बँड म्हणजे मीच. बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं, मधल्या मध्ये काहीतरी बधिर होतं.

मग एका संध्याकाळी राजगुरुनगरला मेहुण्याकडे गेलो होतो. मैदानात स्टेज लागलं होतं, गर्दी होती. हे तिघं आणि ड्रमवर एक नवा मुलगा, वेगळ्या नावानं. मी रसाच्या गाडीपाशी उभा राहिलो. गाणं कुठलं ते मला कळलं नाही. तळपायाला नुसते ठोके लागत होते.

गायक पार स्टेजच्या कडेला येऊन, लोकांकडे तोंड करून गात होता. डोळे मिटून. आमच्या बँडमध्ये तो असा कधीच गायला नाही. कायम तिरका उभा राहायचा. कडवं संपत आलं की माझ्याकडे वळायचा, हनुवटी हलवायचा, पाय वर करून आपटायचा. लोकांकडे बघून गा की रे, असं आयोजकही त्याला सांगायचे. मला वाटायचं, दोस्ती आहे, म्हणून बघतो. घरी अभिमानानं सांगायचोही मी.

च्यायला, तो मला ताल देत होता. किती वर्षं, कुणास ठाऊक.

मी रसाचा ग्लास हातात धरून शेवटच्या गाण्यापर्यंत उभा राहिलो. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.